ओटा सगुणेचा, नाव कोंडाईचं

फार वर्षांपूर्वी, जेव्हा मीठ बैलांच्या पाठीवर बसून घाट चढायचं, तेव्हाची ही गोष्ट. घाट संपतो तिथं आमचं उंबरधार गाव. खालून कोकणातून जो कुणी वर येई त्याच्या छातीचा भाता झालेला असे, आणि गावात पाऊल टाकताच त्याला समोरासमोर दोन घरं लागत. डाव्या हाताला सगुणेचं, उजव्या हाताला कोंडाबाईचं. दोन्ही घरांपुढं दगडी ओटा, आणि मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. या ओट्यावर कुणी खोकलं तरी त्या ओट्यावर ऐकू जाई. कोंडाबाईचं सगळं दुखणं त्या अरुंद रस्त्यातून सुरू झालं, असं म्हणतात.

सगुणा विधवा होती, एकटी राहायची. घरावर गवताचं छप्पर, दारात एक शेळी, आणि डेऱ्यात असेल तर नाचणीचं पीठ. कोंडाबाईचं घर मात्र भरलेलं होतं. गोठ्यात दुभत्या गाई होत्या. परसात विहीर होती, आणि तिचं पाणी असं की डाळ एका उकळीत शिजावी. नवरा हैबती कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगुणासुद्धा पाणी भरायची ते कोंडाबाईच्याच विहिरीवरून. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

कोंडाबाईच्या नावाचंही ऐकून घ्या. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी तिचं नाव कोंडा ठेवलं. का, तर कोंड्याकडं यमसुद्धा बघत नाही. यमानं बघितलं नाही हे खरं. पण पुढं दुसऱ्या कुणीही कधी बघितलं नाही अशी तिची तक्रार होती, आणि ती तक्रार अगदीच खोटी नव्हती.

तर घाट चढून आलेला माणूस कुठं थांबायचा? डावीकडं. सगुणेच्या ओट्यावर. हिंग विकणारा असो, कासार असो, माहेरवाशीण असो, नाहीतर लंगोटीतला गोसावी असो, सगळे डावीकडं. बैलांच्या मानासुद्धा आपोआप डावीकडं वळायच्या, असं म्हणतात. कोंडाबाई दाराच्या फटीतून बघत राहायची. बघता बघता ती तांदूळ निवडायला घ्यायची आणि खडे सुपात ठेवून तांदूळच फेकून द्यायची. तिच्या चुलीवरचं दूध तिच्या नजरेनंच नासायचं, असंही म्हणतात. हसू नका. ज्याच्या पोटात ही आग एकदा पेटली आहे त्याला विचारा, दूध नासतं की नाही.

माझं घर मोठं, माझं ताक घट्ट, पाणीसुद्धा माझ्याच विहिरीचं, आणि माणसं मात्र तिच्या दारात. तिच्या मनात दिवसभर एवढंच दळण चाले.

त्यात आणखी एक मानाची गोष्ट होती. दसरा झाला की मिठाच्या बैलांचा पहिला तांडा घाट चढून यायचा. तांड्याचा सोमला नायक ज्या दारात पहिलं पाणी प्यायचा, त्या दारात पहिली गोणी सोडायचा आणि सूपभर मीठ ओतायचा. ते मानाचं मीठ. मग सगळं गाव त्या दारात येऊन चिमूट चिमूट मीठ ओंजळीत घ्यायचं आणि आपल्या बरणीत टाकायचं. ते टाकल्याशिवाय वर्षाचं मीठ भरायचं नाही, अशी रीत होती. तुम्ही ओळखलंच असेल, नायक दर वर्षी पाणी प्यायचा तो सगुणेकडं. आणि कोंडाबाईला, भरल्या घरच्या बाईला, रस्ता ओलांडून त्या गवती छपराखाली ओंजळ धरावी लागायची.

सगुणा तिच्या ओंजळीत मीठ घालायची आणि म्हणायची, “बसा की वैनी घडीभर. दमला असाल.”

“म्या काय घाट चढून आले व्हय दमाया?” असं म्हणून कोंडाबाई पाठ फिरवायची. घरी येऊन ती चिमूट बरणीत टाकायची आणि झाकण आदळायची. तिला या जन्मात एकच गोष्ट हवी होती. एक दसरा असा उजाडावा की मानाचं मीठ तिच्या दारात पडावं, सगळ्या गावानं तिच्यापुढं ओंजळ धरावी, आणि त्या ओंजळींमध्ये एक ओंजळ सगुणेची असावी.

एकदा एक कासार सगुणेच्या ओट्यावर पाणी पिऊन म्हणाला, “या तांब्यातल्या पान्याची चवच न्यारी.” झालं. कोंडाबाईनं फटीतून ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी तर माझ्याच विहिरीचं, मग चव कुठून येते? तांब्यातून. तांब्याच भारलेला आहे. सगुणेचा तांब्या जुना, तांब्याचा, पोटाला एक पोचा पडलेला. त्या पोच्यात कुणीतरी मंत्र घालून ठेवला असणार, अशी कोंडाबाईची खात्री पटली.

सगुणेची एक सवय होती. पाहुणा निघाला की ती त्याला पुढच्या वळणावरच्या उंबरापर्यंत पोचवायला जायची, आणि तो वळणाआड होईपर्यंत तिथंच उभी राहायची. एका दुपारी एक कासारीण निघाली, सगुणा तिच्याबरोबर उंबराकडं गेली, आणि कोंडाबाईनं रस्ता ओलांडला. तांब्या पदराखाली घेतला आणि परत आली. पण तांब्या भरलेला होता आणि तिचा हात घाईत होता. या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत धुळीत पाण्याची ओळ उमटली.

दुसऱ्या दिवशी सगुणा मातीच्या मोग्यानं पाणी देऊ लागली. शेजारणींनी विचारलं, “सगुणे, तांब्या कुठं गेला गं?”

सगुणेनं कोंडाबाईच्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “वैनींकडं पावनं यायचं हाईत. भांडं कमी पडाया नगं, म्हनून धाडलाय.”

दाराआड कोंडाबाईनं हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर म्हणाली असती तर भांडता आलं असतं. चार माणसांत कडाकडा बोटं मोडता आली असती. हिनं तर चोरीचासुद्धा पाहुणचार करून टाकला! आणि आता गावभर झालं, कोंडाबाईकडं पाहुणे येणार. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, “काय कोंडाबाई, पावनं कधी येनार?” पाटलाच्या घरून निरोप आला, पाहुण्यांना काही कमी-जास्त लागलं तर सांगा. आता पाहुणे आले नाहीत तर तांब्या कशाला आणला, हे सांगावं लागणार. म्हणजे पाहुणा आणणं भाग होतं. अशी ही बाई चोरीच्या पायी पाहुणचाराला लागली.

पहिला सापडला तो एक म्हातारा धनगर. घाट चढून, घोंगडी सावरत तो सवयीनं डावीकडं वळत होता. कोंडाबाई ओट्यावरून ओरडली, “ए बाबा! तिकडं कुठं? हिकडं ये!” बिचाऱ्याला वाटलं, आपली मेंढरं हिच्या शेतात शिरली. त्यानं लांबूनच हात जोडले. तिनं त्याला बसवलं, तांब्या त्याच्यापुढं आदळला आणि समोर उभी राहून विचारलं, “जेवनार का?”

“नगं बाय, आत्ताच झालंया,” म्हातारा म्हणाला, दोन घोट प्याला आणि उठला. आणि उठून सरळ समोर गेला, नि सगुणेच्या ओट्यावर भाकरी मोडताना दिसला. कोंडाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि समोरचा ओटा तेवढा पोटात घ्यावा.

दुसरा एक बुरूड होता. त्याला मात्र तिनं धरूनच आणला. तो पाणी पिऊन निघाला तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, “कुठं निघाला?” आता निघालेल्या माणसाला कुठं निघालास म्हणून विचारलं की त्याचं काम होत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोर जाणतं. बुरडानं कपाळाला हात लावला आणि तो परत बसला. त्याला वाटलं, अपशकुनाची वेळ टळू द्यावी. ती टळेना. तो जेवला, तिथंच आडवा झाला, घोरला, आणि उन्हं उतरल्यावर टोपल्या उचलून चालता झाला.

तेव्हा कोंडाबाईला कळलं, तांब्यात काही नाही. जे आहे ते त्या बाईत आहे. मग मी तेही चोरीन, असं तिनं ठरवलं. ती फटीला डोळा लावून बसली. पूर्वी ती कोण आलं ते बघायची, आता सगुणा काय करते ते बघू लागली. मत्सराचे डोळे फार तीक्ष्ण असतात. प्रेमानं बघणाऱ्याला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

तिला दिसलं, की सगुणा पाणी देते तेव्हा उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून देते, मग समोरचा भिकारी असला तरी सावरून बसतो. तिला दिसलं, की सगुणा कुठं निघालात असं विचारत नाही, कुठून आलात विचारते, मग माणूस आपल्या गावाबद्दल बोलू लागतो आणि त्याची धाप आपोआप बसते. आणि “जेवणार का” हे तर ती कधीच विचारत नाही. ती भाकरीवर कोरड्यास वाढून पुढं ठेवते आणि म्हणते, “जरा मीठ बघता का? आज हात हलकाच पडला म्हनायचा.” मग भुकेलेला माणूस जेवत नाही, तो मीठ बघतो. मीठ बघता बघता त्याचं पोट भरतं, आणि उठताना तो सांगतो, “मीठ अगदी बराबर हाय हो,” जणू त्यानंच तिच्यावर उपकार केला. आणि तो खात असताना सगुणा त्याच्याकडं पाठ करून शेळीला पाला घालत बसते, म्हणजे त्यानं किती खाल्लं हे कुणी बघत नाही.

एवढं सगळं कोंडाबाईनं बघितलं आणि तिला सगुणेचा आणखीच राग आला. एवढं सोपं होतं, आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

मग तिनं सुरुवात केली. मन कोरडं, पण हात बरोबर. ती कोपराला हात लावून पाणी देऊ लागली, आणि आतून म्हणायची, बघ सगुणे. ती विचारू लागली, “कुठनं येनं झालं?” आणि आतून म्हणायची, बघ सगुणे. “जरा मीठ बघता का?” हे शब्द पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाले तेव्हा गोठ्यातल्या गाईनंसुद्धा मान वळवून बघितलं, असं म्हणतात. दात आवळून ती बोलायची. पण तहानलेल्या माणसाला आतलं दिसत नाही. पाणी नीट हातात आलं, एवढं त्याला कळतं. हळूहळू एखादा उजवीकडं वळू लागला. मग दोघे, चौघे. कोंडाबाईचं ताक घट्ट होतं, भाकरीवर लोणी असायचं, आणि मीठ बघायला आलेली माणसं लोण्याचीही चौकशी करू लागली. शेवटी शेवटी तर सगुणाच आपल्या ओट्यावरून सांगायची, “पल्याड जावा, वैनींकडं ताक ताजं हाय.” ते ऐकलं की कोंडाबाईच्या हातातली रवी थांबायची. हरणारी बाई अशी बोलते होय? हरतेय हे तिला कळत कसं नाही?

मग दसरा झाला. तांड्याच्या घंटा घाटातून ऐकू येऊ लागल्या तेव्हा कोंडाबाई उजाडल्यापासून ओटा सारवून तांब्या घेऊन उभी होती. तोच तांब्या, पोटाला पोचा असलेला. सोमला नायक वर आला. रस्त्याच्या मधोमध थांबला. डावीकडं सगुणा मातीचा मोगा घेऊन उभी, उजवीकडं कोंडाबाई तांब्या घेऊन उभी. नायकानं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. तेवढ्यात त्याच्या पुढच्या बैलानं, कोंडाबाईनं दारात ठेवलेल्या कोंड्याच्या टोपलीला तोंड लावलं, आणि बैल हलेना. नायक हसला, उजवीकडं वळला आणि पाणी प्याला.

मानाचं मीठ कोंडाबाईच्या दारात पडलं. पांढऱ्याशुभ्र मिठाचा ढीग. गाव लोटलं. पाटलीणबाईनं ओंजळ धरली, गुरवीणबाईनं धरली, आणि सगळ्यांच्या मागून रस्ता ओलांडून सगुणा आली. कोंडाबाईनं या घडीची किती वाट बघितली होती! तिनं चिमूट उचलली आणि सगुणेच्या डोळ्यांत बघितलं. तिथं कुठंतरी धूर असेल, निदान एखादी ठिणगी असेल, म्हणून शोधलं. काही नव्हतं. सगुणा म्हणाली, “लई साजरं झालं वैनी. तुमच्या हातचं मीठ घराला पुरंल.” आणि कोंडाबाईला जिंकून हरल्यासारखं वाटलं.

पण खरं ते पुढंच आहे.

त्या संध्याकाळी ओट्यावर दाटी होती. तांड्यातले लोक, गावातले लोक, सगळे उजवीकडं. हैबती शेतातून नांगर टाकून आला. बैल गोठ्यात बांधले, हातपाय धुतले, आणि आपल्या भरल्या ओट्यावरून माणसांच्या मधून वाट काढत समोर गेला आणि सगुणेच्या रिकाम्या ओट्यावर टेकला. तो रोजच टेकायचा. वाकडं काही नव्हतं, सगुणा त्याला दादा म्हणायची आणि दार उघडं, रस्ता समोर. पण आजवर त्या गर्दीत हा एक माणूस कोंडाबाईला वेगळा दिसला नव्हता. आज सगळं जग तिच्या दारात होतं, आणि पलीकडं एकटा तिचा नवरा.

तांडा पुढं गेल्यावर तिनं त्याला विचारलंच. “आपल्या घरचं पानी सोडून तिथं काय जाता वो? तिथलं गोड लागतं?”

हैबतीनं हातातलं दावं खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, “पानी तेच हाय. आपल्याच हिरीचं.”

“मग?”

“ती इचारती, दमला का म्हनून.”

एवढंच बोलून तो झोपायला गेला. रागानं बोलला नव्हता. राग असता तर कोंडाबाईनं परतवला असता. सगळ्या घाटाला जी कोपराला हात लावून पाणी देत होती, तिनं या माणसाला आजवर तांब्या कधी दिला नव्हता. चुलीपाशी भरून ठेवलेला असायचा, त्यानं घ्यायचा. घरचा तर माणूस, त्याला काय विचारायचं? आणि त्या रात्री तिला सगुणेचा जो मत्सर वाटला, तसा मिठाच्या वेळीही कधी वाटला नव्हता. मीठ मी नेलं, माणसं मी नेली, आणि हे एवढंसं ती ठेवून बसली. आणि हेच नेमकं मला हवं होतं, हे मलाच माहीत नव्हतं.

ती विचारू शकली असती. दुसऱ्याच दिवशी. पण सगुणेचे शब्द सगुणा जिवंत असताना नवऱ्यापुढं बोलायचे? तो काय समजेल? परक्याला ते शब्द चोरून देता येतात, घरच्याला चोरीचा माल देताना जीभ उचलत नाही. तिनं तांब्या पूर्वीसारखाच चुलीपाशी भरून ठेवला.

त्याच कार्तिकात एका सकाळी घाटात धुकं आलं. एवढं दाट की स्वतःचा हात दिसू नये. सगुणेकडं एक लेकुरवाळी मुक्कामाला होती, तिला घाट उतरून माहेरी जायचं होतं. थांब म्हटलं तरी ती थांबेना, बाप आजारी होता. सगुणा नेहमीसारखी तिला पोचवायला निघाली. कोंडाबाईनं फटीतून दोघींना धुक्यात शिरताना बघितलं. धुकं उठलं तेव्हा उन्हं वर आली होती. उंबराखाली कोणी नव्हतं. गावानं दरी शोधली, झाडं-झुडपं शोधली. सगुणा सापडली नाही.

पुढं ती लेकुरवाळी खालच्या गावातून निरोप धाडती झाली, की मी सुखरूप पोचले, सगुणाबाईंना सांगा. घाटाच्या प्रत्येक वळणावर मागून त्यांचा आवाज येत होता, जपून गं, आता डावीकडं, आता उजवीकडं. शेवटच्या वळणावर मी मागं वळून येते म्हणाले, तर मागं नुसतं धुकं. सगुणा गेली नाही, ती अजून पोचवतेच आहे, असं म्हणतात. खरं-खोटं तो उंबर जाणे.

सगुणा गेल्याचं कळलं तेव्हा कोंडाबाईच्या मनात पहिला विचार आला, तो असा: सुटले. तिनं तो लपवला नाही, म्हातारपणी ती स्वतःच सांगायची. आता समोर कोणी नव्हतं. आता तो एक माणूसही घरी येईल.

संध्याकाळ झाली. हैबती आला, बैल बांधले, हातपाय धुतले, आणि समोर जाऊन सगुणेच्या ओट्यावर बसला. दार बंद, शेळी पाटलाच्या गोठ्यात, पाणी द्यायला कोणी नाही. तरी बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. पौष गेला, माघ गेला, तो बसतच होता. आणि कोंडाबाईला आता ओट्याचा मत्सर वाटू लागला. माणसाचा करता येतो, मेलेल्या माणसाचाही करता येतो, पण दगडांचा मत्सर करणारी एकटी कोंडाबाईच. तिला जेवण जाईना. ताकात लोणी येईना. विहिरीचं पाणी तिच्या पोहऱ्याला बघून खाली जायचं, असं म्हणतात. आलेल्या पाहुण्यांना ती अजून मीठ बघायला सांगायची, पण तिचा डोळा समोरच्या ओट्यावर असायचा.

शेवटी एका संध्याकाळी तिनं पहार उचलली. ओटाच फोडून टाकायचा, म्हणजे बसणार कुठं? पहार घेऊन ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. हैबती नेहमीप्रमाणे बसला होता. त्यानं पहारीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. काय चाललंय असं विचारलं नाही. फक्त फोडायला अडचण नको म्हणून पाय वर घेतले.

वर घेतलेले ते पाय तिनं बघितले. टाचांना भेगा, भेगांत शेतातली माती, आणि एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. ही चिंधी कधी बांधली, ठेच कधी लागली, तिला काही माहीत नव्हतं. घाट चढून येणाऱ्या हरएक परक्याच्या पायाला काय झालं हे तिला माहीत असायचं, कारण ती विचारायची.

तिनं पहार भिंतीला टेकवली. घरी गेली. विहिरीचं पाणी शेंदलं, तो पोचा पडलेला तांब्या घासला, भरला, आणि परत रस्ता ओलांडला. उजव्या कोपराला डावा हात लावून तिनं तो पुढं धरला. आणि म्हणाली, तिचा आवाज खरवडल्यासारखा होता, दात आवळलेले होते, पोटातली आग अजून विझलेली नव्हती, तरी ती म्हणाली:

“दमलासा का?”

हैबतीनं तांब्या घेतला. पाणी प्याला. सावकाश, तहान भागेपर्यंत. मग तो ओट्यावर एका अंगाला सरकला, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाला, “बस. तूबी दमली असशील.”

याआधी हे तिला जन्मात एकाच माणसानं म्हटलं होतं, मीठ देताना सगुणेनं, आणि तिच्याकडून ते घ्यायची तिला लाज वाटली होती. कोंडाबाई बसली. पदर तोंडाला लावून ती अशी रडली की रस्त्यानं जाणारे थांबले. ती उठली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपलं पाणी आपण घेतलं, आणि म्हणतात की त्या संध्याकाळी जो जो आला तो त्या एकाच तांब्यातून प्याला, आणि तांब्या कुणी भरला नाही तरी रिता झाला नाही. घाटातून धुक्याची एक पट्टी वर आली, सगुणेच्या दारापर्यंत आली, थोडी थांबली आणि उंबराकडं परत गेली, असंही म्हणतात.

मत्सर गेला का तिचा? छे. म्हातारपणीसुद्धा कुणी सगुणेचं कौतुक केलं की ती म्हणायची, “तिला काय, तिला येतच व्हतं. म्या शिकले.” यात खोटं काहीच नाही. गोड जातीच्या आंब्याला गोड व्हायचे कष्ट पडत नाहीत, आंबट कैरीला अढीत पडून राहावं लागतं. म्हणूनच असेल, तो ओटा सगुणेच्या घरापुढचा, पण नाव पडलं कोंडाईचा ओटा. कोंडाबाईची कोंडाई कधी झाली ते कुणाला आठवत नाही.

आता मीठ दुकानात पुडीत मिळतं आणि घाटातून गाड्या जातात. पण उंबरधारात अजून कुणी कुणाला जेवणार का असं विचारत नाही. ताट पुढं ठेवतात आणि म्हणतात, जरा मीठ बघा. दसऱ्यानंतर नवी पुडी फोडली की पहिली चिमूट समोरच्या घरी देतात, मग भांडण असलं तरी. आणि संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला, तो बाप असो, सून असो, शाळेतून आलेलं पोर असो, पाणी देऊन विचारतात, दमलास का? त्याचं उत्तर हो किंवा नाही असं द्यायचं नसतं. उत्तर एकच असतं: बस, तूही दमली असशील.

नवी सून गावात आली की घराचा उंबरा ओलांडण्याआधी तिला त्या ओट्यावर बसवतात. पाणी घेऊन सासूला उभं राहावं लागतं आणि पहिल्यांदा सासूनं विचारावं लागतं. विचारताना कधीकधी सासूचे दात आवळलेले असतात, ते साऱ्या गावाला दिसतं. चालतं. कोंडाईचेही आवळलेलेच होते.